हॅचबॅक घ्यावी का, कुठली घ्यावी आणि घेतल्यावर कशी वापरावी

ह्युंदाईची एक्स्टर आणि त्याच कंपनीची ग्रँड आय१० नियॉस शेजारी शेजारी उभ्या करून टेप लावलात, तर दोन्हींची लांबी ३,८१५ मिलिमीटर भरते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही सारखंच, २,४५० मिलिमीटर. तरी सोसायटीत पहिलीला ‘एसयूव्ही’ म्हणतात आणि दुसरीला ‘छोटी गाडी’. एक्स्टर उंच आहे, जमिनीपासून वर आहे, तिची डिकी मोठी आहे. हे फरक खरे आहेत आणि ज्याला त्यांची गरज आहे त्यानं जादा पैसे जरूर मोजावेत. पण बरेच जण ते पैसे शेजारी काय म्हणतील यासाठी मोजतात. हा लेख उरलेल्यांसाठी आहे.

हॅचबॅकमध्ये मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो आणि डिकी व बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत नसते. तिचे जवळजवळ सगळे फायदे आणि तोटे दोनच गोष्टींतून येतात: ही नसलेली भिंत आणि चार मीटरच्या आतली लांबी. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० याच घाटाची होती. १९९८ च्या शेवटी पिंपरीच्या कारखान्यातून बाहेर पडलेली इंडिकाही याच घाटाची. सरकारनं चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत दिल्यानं कंपन्यांनी तो आकडा डोक्यावर घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी, सेस धरून २९ टक्के होता तो १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे मधली काही वर्षं ‘आता कोण हॅचबॅक घेतंय’ असं म्हणणारे पुन्हा शोरूममध्ये दिसू लागले.

आधी फेऱ्या लिहून काढा

गाडी बघायला जाण्याआधी एका कागदावर मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या घरातल्या सगळ्या फेऱ्या लिहा. ऑफिस, शाळा, मंडई, दवाखाना, सासरवाडी, गाव. प्रत्येकीपुढे किती माणसं आणि किती सामान, तेही लिहा. बहुतेक घरांत चित्र एकसारखंच निघतं: रोजच्या फेरीत एक किंवा दोन माणसं, रविवारी तीन-चार, आणि पाच माणसं भरगच्च सामानासकट फक्त गणपतीला, मे महिन्यात किंवा एखाद्या लग्नाला.

गाडी रोजच्या फेरीसाठी घ्यायची असते, गणपतीसाठी नाही. हिशेब करून बघा. हॅचबॅक आणि तिच्यावरची एसयूव्ही यांच्यात समजा तीन लाखांचा फरक आहे. ते तीन लाख पाच वर्षांच्या कर्जानं नऊ टक्क्यांनी उचलले, तर महिन्याचा हप्ता ६,२०० रुपयांच्या थोडा वर जातो. वर्षाला पाऊण लाख. एवढ्या पैशांत गणपतीला आणि मे महिन्यात ड्रायव्हरसकट अर्टिगा भाड्यानं घेऊन कोकणात जाऊन याल आणि वर पैसे उरतील.

उलटही लिहितो. घरात रोज चार मोठी माणसं एकत्र बाहेर पडत असतील, गुडघेदुखीचा त्रास असलेले आजी-आजोबा नेहमी सोबत असतील, किंवा दर महिन्याला चौघांनी सामानासकट दोनशे-तीनशे किलोमीटर जायचं असेल, तर छोटी हॅचबॅक घेऊ नका. पहिले तीन महिने कौतुकात जातील आणि नंतर प्रत्येक प्रवासात मागच्या सीटवरून कुरकुर ऐकावी लागेल.

मग पार्किंग मोजा

टेप घेऊन खाली उतरा. जागेची लांबी-रुंदी तर घ्याच, पण खांब कुठे आहे ते आधी बघा. खांब ड्रायव्हरच्या दरवाज्यासमोर येत असेल तर कागदावरच्या मापाला काही अर्थ नाही, रोज अंग चोरून उतरावं लागतं. कंपनी गाडीची रुंदी बाजूचे आरसे सोडून सांगते, त्यामुळे आरशांसाठी वेगळी जागा धरा. वॅगनआरची रुंदी १,६२० मिलिमीटर आहे आणि स्विफ्टची १,७३५. साडेअकरा सेंटिमीटरचा हा फरक शोरूमच्या मोकळ्या फरशीवर कळत नाही. दोन दुचाकींच्या मधून गाडी काढताना लगेच कळतो.

यांत्रिक पार्किंग असेल तर उंची आणि वजनाची मर्यादा सोसायटीच्या कार्यालयातून लेखी घ्या. वॅगनआर १,६७५ मिलिमीटर उंच आहे, स्विफ्ट १,५२०. बुटक्या खालच्या मजल्यावर वॅगनआर अडेल आणि स्विफ्ट जाईल, असं होऊ शकतं. लोक हे बुकिंग झाल्यावर तपासतात.

हॅचबॅकचं सगळ्यात मोठं सुख इथेच आहे. वॅगनआर ४.७ मीटरच्या त्रिज्येत वळते. पुण्याच्या पेठांत, गिरगावच्या गल्ल्यांत, कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आसपास, जिथे मोठ्या गाडीला तीनदा मागे-पुढे करावं लागतं तिथे ही एकदाच वळून निघते. मागचा दरवाजा उघडायला मात्र मागे मोकळी जागा लागते. गाडी भिंतीला टेकवून लावलीत तर डिकी उघडतच नाही, म्हणून सामान असेल त्या दिवशी नाक भिंतीकडे करून लावायची सवय ठेवा.

कुठल्या मापाची?

बाजारात ढोबळ तीन थर आहेत.

सगळ्यात खाली आल्टो के१० सारखी गाडी. लांबी ३,५३० मिलिमीटर, डिकी २१४ लिटर, इंजिन ९९८ सीसी. एकट्या-दुकट्यासाठी, शिकणाऱ्यासाठी, गावातल्या गावात फिरणाऱ्या डॉक्टरसाठी उत्तम. चौघांनी महाबळेश्वरला जायचं तर सगळ्यांचा संयम पणाला लागतो.

मधल्या थरात वॅगनआर, सेलेरिओ, टियागो, ग्रँड आय१० नियॉस, स्विफ्ट. बहुतेक कुटुंबांनी इथेच शोधावं. वॅगनआर दिसायला डबा आहे, पण आत बसल्यावर वादच मिटतो: सीट खुर्चीच्या उंचीची असल्यानं म्हातारी माणसं वाकल्याशिवाय आत शिरतात, आणि ३४१ लिटरची डिकी तिच्याहून महाग गाड्यांना लाजवते. स्विफ्ट चालवायला मजेदार आहे, पण डिकी २६५ लिटर आणि तिचा काठ उंच, त्यामुळे जड बॅग आधी कमरेपर्यंत उचलावी लागते. ज्याची पाठ धरते त्यानं हा काठ शोरूममध्ये हातानं बघून घ्यावा.

वरच्या थरात बलेनो, आय२०, अल्ट्रोझ, ग्लान्झा. जवळजवळ चार मीटर लांब, मागे पाय पसरायला जागा. डिझेल हॅचबॅकच हवी असेल तर पर्याय जवळपास अल्ट्रोझपुरताच उरला आहे. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल सोडलं आणि बाकीच्यांनीही छोट्या गाडीत ते परवडत नाही म्हणून हात काढून घेतला. या थराच्या महागड्या व्हेरियंटची किंमत एसयूव्हीच्या साध्या व्हेरियंटला भिडते. तिथे मी हॅचबॅकचा आग्रह धरणार नाही.

डिकीच्या लिटरवर फार विसंबू नका. घरातली मोठी ट्रॉली बॅग शोरूमला घेऊन जा आणि मागे ठेवून बघा. सेल्समन हसेल, हसू द्या. बॅग आडवी बसते की उभी, पार्सल ट्रे लागतो की काढावा लागतो, हे दोन मिनिटांत समजतं.

पेट्रोल की सीएनजी?

ब्रोशरमधलं अ‍ॅव्हरेज बघून हिशेब करू नका. पुणेकर ज्या टेकडीला एआरएआयची टेकडी म्हणतात, तिथल्या संस्थेच्या नावानं ओळखला जाणारा हा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांवर काढतात. तिथे सिंहगड रोडचा ट्रॅफिक नसतो. २४ चा आकडा छापलेली पेट्रोल हॅचबॅक शहरात एसी लावून १५-१६ देते आणि हायवेवर नीट चालवली तर २० च्या आसपास जाते.

आता सीएनजीचं गणित मांडू. समजा पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी १६ देते, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. सीएनजी ९० रुपये किलो आणि गाडी २४ देते, म्हणजे पावणेचार रुपये. किलोमीटरमागे पावणेतीन रुपये वाचतात. सीएनजी व्हेरियंट समजा ९० हजारांनी महाग आहे. पण महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे आणि सीएनजीला, जुलै २०२५ मधल्या एक टक्का वाढीनंतर, ८ टक्के. सहा लाखांच्या पेट्रोल गाडीला ६६,००० आणि ६ लाख ९० हजारांच्या सीएनजी गाडीला ५५,२००. म्हणजे दहा हजार आठशे पासिंगलाच परत आले. उरलेले ७९,२०० रुपये वसूल व्हायला साधारण २९ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला आठशे किलोमीटर फिरणाऱ्याला तीन वर्षं, दीड हजार फिरणाऱ्याला दीड वर्षाहून थोडं अधिक. आकडे तुमच्या गावच्या पंपावरचे टाका, रीत हीच.

या गणितात न येणाऱ्या गोष्टी अशा. पंपावरची रांग. डिकीत आडवं पडलेलं सिलिंडर, ज्यामुळे गावाला जाताना बॅगा मागच्या सीटवर येतात. टियागो आणि अल्ट्रोझमध्ये एका मोठ्याऐवजी दोन छोटी सिलिंडरं तळाखाली घालून टाटानं ही अडचण बरीच कमी केली आहे. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, जी बरेच जण विसरतात. आणि ताकद: वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर ६७ पीएसच्या आसपास देतं, सीएनजीवर ५७. सपाटीवर चालून जातं. कुंभार्ली घाटात चार माणसं आणि एसी असताना पुढच्या ट्रकला ओलांडायचं ठरवलंत तर जाणवतं. घाट लागण्याआधी बटण दाबून पेट्रोलवर या, त्यासाठी टाकीत थोडं पेट्रोल कायम असू द्या.

गिअरबद्दल थोडक्यात. छोट्या हॅचबॅकमधली ‘ऑटोमॅटिक’ बहुतेक एएमटी असते, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सला क्लच आणि गिअर बदलणारं यंत्र जोडलेलं. गिअर बदलताना हलकासा झोका बसतो. रोज ट्रॅफिकमध्ये तासभर अडकणाऱ्यानं डोळे झाकून घ्यावी. झोक्याची सवय होते, डाव्या गुडघ्याच्या दुखण्याची होत नाही. चढावर मात्र अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवू नका, क्लच जळतो. ब्रेक वापरा.

टेस्ट ड्राइव्हला घरचे न्या

एकट्यानं शोरूमभोवती चक्कर मारून काही कळत नाही. चौघांनी जा, एसी लावा आणि जवळपासच्या चढावर न्यायला सांगा. छोट्या इंजिनाची परीक्षा तिथेच होते. मग तुम्ही स्वतः मागे बसा. मांडीखाली सीट किती येते, गुडघे पुढच्या सीटला लागतात का, मधल्या माणसाला डोक्यामागे आधार आणि पूर्ण पट्टा आहे का, मागे एसीची झडप आहे का, हे बघा. छोट्या हॅचबॅकमध्ये तिसरा मोठा माणूस मागे बसतो तो फक्त जवळच्या अंतरापुरता.

गाडी भरलेली असताना एखाद्या उंच गतिरोधकावरून नेऊन बघा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमीन यांतलं अंतर, १६३ मिलिमीटर असला तरी तो रिकाम्या गाडीचा आहे. पाच माणसं बसली की मागची बाजू खाली येते. आपल्याकडे सोसायट्यांनी स्वतःच घातलेल्या गतिरोधकांना कसलंच माप नसतं, तिथे पोट घासतं. तिरकी चढवली तर बहुतेक वेळा वाचते.

व्हेरियंट ठरवताना एक गोष्ट सोडू नका: मागचा वायपर, त्याचं पाणी आणि काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारा. डिकीवाल्या गाडीत, म्हणजे सेडानमध्ये, मागची काच उतरती आणि चाकांपासून लांब असते. हॅचबॅकची पाठ सपाट तुटलेली असल्यानं तिच्यामागे हवेचा भोवरा होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल थेट काचेवर येऊन बसतो. जुलैमध्ये पनवेल ते लोणावळा एवढ्या अंतरात काच पूर्ण मळते आणि मागचं काही दिसत नाही. टचस्क्रीन नंतर बसवता येते. हा वायपर कंपनीकडूनच येऊ द्या.

सुरक्षिततेचं काय?

हॅचबॅकची खरी कमजोर बाजू ही आहे, आणि इथे गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. गाडी हलकी, समोरून येणारा ट्रक वीस पट जड. मागून धडक बसली तर मागच्या प्रवाशाच्या पाठीशी डिकीवाल्या गाडीइतकी लांब डिकी नसते. हे कुठलीही कंपनी बदलू शकत नाही. पण सगळ्या हॅचबॅक सारख्या नाहीत. गाड्या आपटून त्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत अल्ट्रोझला जानेवारी २०२० मध्ये पाच तारे मिळाले होते, तर २०२३ च्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी आल्टो के१० ला दोन आणि वॅगनआरला एक. त्या गाड्या दोन एअरबॅगच्या होत्या, आता त्यांत सहा येतात. सहा एअरबॅग चांगल्याच, पण त्यांनी पत्र्याचा सांगाडा मजबूत होत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली चाचणी सुरू झाली आहे. तारे बघताना कुठल्या वर्षी, किती एअरबॅगवर, कुठल्या मॉडेलला मिळाले ते बघा. स्विफ्टचीच डिकीवाली बहीण डिझायर, तिला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले म्हणून स्विफ्टलाही तेच लागू, असं नसतं.

भिंत नसण्याचा एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. करकचून ब्रेक लागला की डिकीतलं सामान पुढे येतं, आणि हॅचबॅकमध्ये ते माणसांवर येतं. म्हणून जड वस्तू तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. पार्सल ट्रे हा पातळ पुठ्ठ्यासारखा असतो, त्यावर छत्री, नारळ, पाण्याची बाटली ठेवू नका. मागच्यांनीही पट्टा लावायचा, त्यात चर्चा नाही.

पैशांची बोलणी

एक्स-शोरूम सहा लाखांची पेट्रोल गाडी रस्त्यावर यायला सात लाखांच्या आसपास जाते. कोटेशन ओळीओळीनं लिहून मागा. रोड टॅक्स कायद्यानं ठरलेला आहे, तिथे घासाघीस नाही. ‘हँडलिंग चार्जेस’ लिहिलेले असतील तर सरळ काढायला सांगा. टेफ्लॉन कोटिंग, खालचा रंग, सीट कव्हर यांचं ‘पॅकेज’ गळ्यात मारतात, त्यातलं हवं तेवढंच घ्या. बाहेर तेच काम बऱ्याच स्वस्तात होतं.

विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, स्वतःच्या नुकसानीचा एका वर्षाचा चालतो. इंजिनाच्या सीसीवर थर्ड पार्टीचा हप्ता ठरतो: जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत हजार सीसीपर्यंत तीन वर्षांचे ६,५२१ रुपये आणि त्यावर दीड हजार सीसीपर्यंत १०,६४०. ९९८ सीसीची इंजिनं उगीच ९९८ ची नसतात. जोडीला झिरो डेप घ्या, म्हणजे क्लेमच्या वेळी पार्टच्या किमतीतून घसारा कापला जात नाही. सखल भागात राहत असाल, तळघरात गाडी लावत असाल, तर इंजिन प्रोटेक्शनही घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायच्या नादात इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साधा विमा हात वर करतो. अशी गाडी चावी न फिरवता टो करून न्यायची.

ताब्यात घेण्याआधी, पासिंग व्हायच्या आत, दिवसाउजेडी गाडी बघा. टायरवर चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘३२२५’ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. गाडीच्या निर्मितीचा महिना फॉर्म २२ वर छापलेला असतो. डिसेंबरमध्ये आधीच्या वर्षाची गाडी मोठ्या सवलतीत देत असतील तर ती सवलत विकताना तुमच्या खिशातून जाणार, हे धरून भाव करा.

जुनी हॅचबॅक घ्यायची असेल तर

पहिल्या गाडीसाठी मी जुनीच सुचवतो. हात बसेपर्यंत खांबांना, रिक्षांना घासाघीस होणारच, आणि स्विफ्ट-वॅगनआरचे पार्ट आणि मेकॅनिक तालुक्याच्या गावीही मिळतात.

वाहनाच्या नोंदीत गाडी कितव्या मालकाची आहे, कर्जाचा बोजा आहे का, ई-चलान थकलंय का ते तपासा. मग आपला मेकॅनिक नेऊन गाडी बघा. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ असते, ती धुवायचं कोणाला सुचत नाही. सीटच्या खालच्या पट्ट्यांवरचा गंज बघा, कार्पेट उचला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हाच्या किती गाड्या कुठे विकल्या गेल्या याचा हिशेब कोणाकडे नाही.

हॅचबॅकपुरती खास तपासणी मागच्या बाजूला आहे. स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्याचा पत्रा हातानं चाचपा. सुरकुत्या, नवं वेल्डिंग, वेगळा रंग दिसला तर मागून जोरात धडक बसलेली आहे. मागचा दरवाजा वर करून सोडून द्या; आपोआप खाली येत असेल तर त्याला धरणारे दांडे गेलेत. तो खर्च किरकोळ आहे, भाव पाडायला उपयोगी. दरवाज्याभोवतीचं रबर सुकलेलं असेल तर पावसात पाणी आत येतं आणि गाडीला कुबट वास मारतो. २०२३ पूर्वीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या मेकॅनिककडून बघून घ्या, कारण पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या.

व्यवहार ठरला की नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५. सह्या करून कागद एजंटच्या भरवशावर सोडू नका, नाव बदलल्याचं स्वतः तपासा.

घेतल्यावर

मागची सीट पाडली की हॅचबॅक छोटा टेम्पो होते. पुढचं चाक काढलेली सायकल, घडीचं टेबल, रोपवाटिकेतली झाडं, हे सगळं जातं. डिकीवाल्या गाडीचं तोंडच अरुंद असतं, त्यामुळे तिथे जागा असून वस्तू आत शिरत नाही. सीट ६०:४० अशी दुभंगणारी असेल तर एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला लांब सामान असं जमतं. बऱ्याच स्वस्त व्हेरियंटमध्ये सीट एकसंध असते, बुकिंगआधी बघा.

भिंत नसल्याचं बिल इथेही येतं. मागच्या चाकांचा आवाज, स्टेपनीवरचा जॅक खुळखुळणं, सगळं आत ऐकू येतं. जॅक फडक्यात गुंडाळून ठेवा. हापूसची पेटी आणलीत तर चार दिवस गाडीत सुखाचा वास. मालवणहून सुकट आणलीत तर चार आठवडे दुसरा वास, आणि तो एसीतून फिरतो. सुकटीला घट्ट झाकणाचा डबा, वर प्लॅस्टिकची पिशवी.

टायरची हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर असतं. बऱ्याच गाड्यांत भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो गावाला निघताना वापरा. अरुंद टायर पाणी साचलेल्या रस्त्यावर लवकर तरंगतात. एक्स्प्रेस वेवर शंभरची मर्यादा आहे म्हणून पावसात शंभरनं जायचं नसतं. वॅगनआरसारखी उंच आणि हलकी गाडी खाडीवरच्या पुलांवर, अटल सेतूवर वाऱ्यानं बाजूला ढकलली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, वेग उतरवा, मोठ्या बसला खेटून ओलांडू नका.

घाट चढताना गाडीनं दम टाकण्याआधीच गिअर खाली आणा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून भेटतात. आंबोलीच्या वळणावर ब्रेक तापून पाय तळाला गेला की वाचलेल्या पेट्रोलचं काय करायचं ते त्यांनी सांगावं. शिवाय आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जातच नाही.

पाच-सहा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा चालत्या मॉडेलची, पांढरी किंवा करडी, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली हॅचबॅक लवकर जाते, कारण पहिली गाडी घेणारा कुणीतरी कायम शोधात असतो. गाडी दिली की विम्याचा नो क्लेम बोनस तिच्यासोबत जाऊ देऊ नका. तो गाडीचा नसून तुमचा असतो, आणि सलग पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीच्या विम्यात वळतं करता येतं.